टाकानिनीला दिलेला जावई

प्रिय श्रीकांत,

मंगळवारी गोऱ्यांचा फोन आला. टाकानिनीच्या सॉफ्टबॉल टीमचे गोरे, तुझे ते हसतमुख शत्रू. थंडी बोलून झाली, गुडघे बोलून झाले आणि मग हळूच म्हणाले, "वहिनी, रविवारी अदलाबदलीची मीटिंग आहे. आमची केतकी आम्हाला परत द्या. तुमचा जावई तुम्ही परत घ्या."

आमची केतकी म्हणे. तीन वर्षांपूर्वी तिला गॅरेजमध्ये उभी करून 'हिला कोण घेतंय' असं विचारत होते, तेव्हा ती कोणाची होती?

मी "कळवते" म्हटलं, फोन ठेवला आणि तुझ्या फोटोकडे बघितलं. तू तसाच, टोपी मागे सरकवून, सगळं आधीच ठाऊक असल्यासारखा. तू म्हणायचास, "लीना, दोन-तीन उन्हाळे जाऊ देत, मग सांग माझं चुकलं की बरोबर आलं." उन्हाळे गेले. तूही गेलास. आता निकाल द्यायची वेळ माझ्यावर आली आहे आणि ऐकायला तू जागेवर नाहीस. म्हणून लिहिते आहे. तसंही मी लिहिलेलं तू शेवटपर्यंत वाचायचास. बोललेलं मात्र अर्ध्यात टाकून फिजोआच्या झाडाखाली जाऊन बसायचास.

आज अधिक महिन्यातलाच दिवस आहे. तेव्हाही होता. आठवतं ना? नसेल तर मी आठवण करून देते, मला पाठ आहे.

लग्नानंतर आपली मृणाल आणि अभिजित इकडे ऑकलंडला आले, मागून आपण आलो, आणि त्यानंतर अधिक महिना आला तेव्हा मी जावयाचं सगळं यथासांग केलं. बॉटनी उपनगरातल्या त्या दुकानात खसखस मिळवली, या थंडीत तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून अनारशाचं पीठ केलं. पहिले अनारसे तेलात हसले, पार विरघळून गेले, तरी मी चिकाटी सोडली नाही. पाट मांडला, रांगोळी काढली, चांदीच्या ताटलीत अनारसे आणि वर दिवा. अभिजितला बसवून ओवाळलं. तो बिचारा जीन्समध्ये मांडी घालून अवघडून बसला होता. आणि दुपारी मी ज्याला असं वाण दिलं, त्यालाच तू संध्याकाळी टाकानिनीला देऊन आलास.

जावई कोणी देऊन टाकतं का, श्रीकांत? मुलगी देतात. गाडी देतात. जावई?

तू घरी आलास, चपला काढल्यास आणि फ्रीज उघडून म्हणालास, "अभिला गोऱ्यांकडे दिलं. केतकीला घेतलं. ताक आहे का?"

मला आधी काही कळेना. आपली ही सॉफ्टबॉल लीग म्हणजे काय, तर चार हौशी टीम्स, सगळे पुण्या-मुंबईहून आलेले इंजिनिअर आणि त्यांच्या बायका. हिवाळ्यात कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जमायचं, मिसळ खायची आणि खेळाडूंची अदलाबदल करायची, म्हणजे कुठलीच टीम शेफारायला नको. एवढा साधा मामला. पण त्यात माणूस आपला भरवशाचा बॅट्समन, तोही सख्खा जावई, देऊन बदल्यात काय आणतो? जिच्या बॅटला वर्षभर चेंडू लागला नव्हता ती मुलगी.

एकेकाळी ती स्टार होती हे मला मान्य आहे. जळगावच्या शाळेतून राज्यपातळीवर खेळलेली. इथे पहिल्या उन्हाळ्यात तिने मारलेले चेंडू शोधायला लोक कुंपणापलीकडच्या झुडपात शिरायचे. मग एक चेंडू गालावर बसला. गाल बरा झाला, पण त्यानंतर चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात फिरला की हिचं पाऊल मागे. तीन स्ट्राइक आणि परत. पुन्हा तीन स्ट्राइक आणि परत. गोऱ्यांनी तुला त्यांचा चांगला पिचर देऊ केला होता, हे मला नंतर कळलं. तू तो नाकारलास. मी किती दिवस कारण विचारत होते. तू एकदाच बोललास, भांडी पुसता पुसता: "तिच्यासमोर विचारलं गं. ती तिथे मिसळ वाढत होती आणि गोरे म्हणाले, हिला कोण घेतंय?"

मग मी दुसऱ्या मुद्द्यावर भांडले. केतकीला घे ना, पण अभिजितच का? दुसरा कोणी नव्हता का द्यायला? त्यावर तू हसलास. नुसता हसलास. त्या हसण्याचा मला किती राग आला होता हे तुला माहीत आहे, कारण त्या आठवड्यात तुला रोज मुगाची खिचडीच मिळाली.

त्यानंतरचा पहिला उन्हाळा तर विचारूच नकोस. शनिवार सकाळी मी माझी घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला बसायचे आणि तू केतकीला चौथ्या नंबरला पाठवायचास. दर शनिवारी. ती यायची, हवेत बॅट फिरवायची, परत जायची. मराठी मंडळातली माणसं मला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजायची. "काकांचं वय झालं." "जावयाशी काही बिनसलं असेल." एकीने तर मला सरळ विचारलं, मृणालचं सगळं ठीक आहे ना म्हणून. मी तिला सांगितलं, मृणालचं उत्तम आहे, तुझ्या नवऱ्याने दुसऱ्या बेसवर झोपणं थांबवलं तर आमच्या टीमचंही होईल.

बाहेर तुझी बाजू घ्यायची आणि घरी तुझ्याशी भांडायचं. दोन शिफ्टमध्ये काम करायचे मी.

आणि तुला सॉफ्टबॉलमधलं काय कळत होतं रे? तू पुण्याच्या नूमवि शाळेचा छाप क्रिकेटवाला. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये प्लीटेड स्कर्ट घालून राउंडर्स, म्हणजे सॉफ्टबॉलसारखाच खेळ, खेळायचो, आमच्या स्पोर्ट्सच्या सिस्टर झगा खोचून स्वतः चेंडू टाकायच्या आणि मारता आला नाही की संपूर्ण मैदानाला ऐकू जाईल असं नाव घ्यायच्या. मी तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, तिचे हात चांगले आहेत, पाय मागे पळतात. ते तुझं निदान म्हणून तू सगळीकडे सांगत फिरलास. असो.

मग आला मार्च आणि आपल्या झाडाला फिजोआ लागले, पेरूसारखी ती हिरवी फळं. या देशात एकवेळ मीठ विकत आणावं लागेल, पण फिजोआ नाही. शेजारीपाजारी पिशव्या भरभरून दारात ठेवून जातात. मी चटणी केली, मुरंबा केला, तरी खाली सडा. आणि एका रविवारी मागच्या अंगणात बघते तर तू जॅंडल्स, म्हणजे त्या इथल्या रबरी चपला, घालून उभा, हातात टोपली, आणि समोर केतकी बॅट घेऊन. तू एकेक फिजोआ तिच्याकडे टाकतोयस. लागला तर फुटतो, नाही लागला तर दुखत नाही. "पिकलेलं फळ आहे बाई," तू तिला म्हणत होतास, "ते तुझं काय करणार?"

फट् करून एक फुटला आणि त्याचा गर माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. मी खिडकीतून जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. केतकी घाबरून म्हणाली, "सॉरी काकू." तू म्हणालास, "काकूंकडे बघू नकोस. फळाकडे बघ."

ते रविवार मला इतके आठवतात, श्रीकांत. सगळ्या अंगणाला तो गोड, थोडा औषधासारखा वास. तुझा तो भोकं पडलेला स्वेटर. ती मुलगी आधी अंग चोरायची, मग चोरेनाशी झाली. शेवटी शेवटी तू पुढे येऊन जोरात टाकायला लागलास आणि तिचं पाऊल जागचं हललं नाही. तेव्हा तू टाकणं थांबवलंस. खाली वाकून उरलेली फळं टोपलीत भरलीस आणि मला हाक मारलीस, "लीना, चहा टाक. तिघांचा."

दुसऱ्या उन्हाळ्यात ती मारायला लागली. फार नाही, थोडं थोडं. तू कुंपणाला धरून उभा राहायचास, कारण तोवर तुला दम लागत होता आणि माझ्या खुर्चीवर बसणं तुला कमीपणाचं वाटत होतं. आणि जुलैत तू गेलासच. उरलेली मजा बघायला थांबायचं तरी होतंस. एवढी काय घाई होती?

तू गेल्यावर टीमने मला मॅनेजर केलं. कारण सांगितलं की काकांची आठवण म्हणून. खरं कारण, लोकांना वेळेवर बोलावून बोलणी सुनवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मी हो म्हटलं. तुझी टोपी मात्र घातली नाही, ती मला डोळ्यांवर येते.

तर आता ऐक, गेल्या उन्हाळ्यातली सेमीफायनल. आपण आणि टाकानिनी. शेवटचा डाव, आपले दोघं आऊट, तिसरा गेला की खेळ संपला, दोघं बेसवर, आणि केतकी आली. एक चांगला फटका आणि आपण फायनलला. पहिला चेंडू तिने सोडला. दुसऱ्याला ती हलली नाही. तिसरा तिने असा मारला की मी थर्मास हातातून टाकला. उंच, डावीकडे, कुंपणाच्या दिशेने. आणि तिथे कोण? तुझा जावई. मागे मागे पळत, पाठ कुंपणाला टेकली, हात वर, आणि ग्लव्हमध्ये चेंडू.

आपण हरलो. तू दिलेल्या माणसाने तू आणलेल्या मुलीला आऊट केलं. असा पोरकट शेवट कोणी लिहिला असता तर मी पुस्तक मिटलं असतं.

मी रागाने खुर्ची घडी करत होते. पण एक बघितलं. टाकानिनीची सगळी पोरं धावत जाऊन अभिजितच्या अंगावर पडली. एकाने त्याच्या डोक्यात टपली मारली आणि ओरडला, "अभ्या, साल्या, आधीचे दोन कॅच सोडलेस त्याचं काय? गाढवा." आणि अभिजित, जो आपल्या घरी पोळी मागतानाही आवाज उतरवतो, तो खाली चिखलात पडून मोठ्यांदा हसत होता. मी त्याला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही. आपल्या जावयाला गाढव म्हणतात म्हणजे काय?

म्हणून मंगळवारी गोऱ्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, चला, देवाने तुझी चूक निस्तरायची संधी दिली. संध्याकाळी मृणाल आणि अभिजित आले. मी जावयाच्या हातात चहा दिला आणि म्हटलं, "अभिजितराव, रविवारी तुम्ही घरी परत येताय."

"घरी म्हणजे?"

"आपल्या टीममध्ये. गोऱ्यांनी स्वतः फोन केला. केतकीला द्यायचं, तुम्हाला घ्यायचं."

त्याने कप खाली ठेवला आणि मृणालकडे बघितलं. मृणालने एकदम भांडी घासायला घेतली. आपली मुलगी न सांगता भांडी घासायला लागली की काहीतरी लपवते आहे, हे मला ती दहावीत असल्यापासून माहीत आहे.

"आई," तो म्हणाला, "मला परत नका ना आणू."

"का? तिकडे काय सोन्याचे बेस आहेत?"

"तिकडे मला शिव्या पडतात."

"मी ऐकल्यात. म्हणूनच तर म्हणते."

"नाही, म्हणजे," तो घुटमळला, "मला त्या चालतात. इथे मी कॅच सोडला की सगळे म्हणायचे, ऊन डोळ्यात गेलं. आई, ढग असायचे. तरी ऊन डोळ्यात गेलं. बॅटिंगला पहिला मी, सरबत पहिलं मला, सगळे जावईबापू जावईबापू. मला कळायचंच नाही की मी बरा खेळतो म्हणून टीममध्ये आहे की तुमचा जावई म्हणून. शेवटी मीच बाबांना म्हटलं, मला कुठेही द्या."

"तुम्ही म्हटलंत? कधी?"

"वाण घेतलं त्याच दिवशी. बाबा मीटिंगला निघाले होते, गाडीपाशी गाठलं. आणि तुम्हाला सांगू नका असंही म्हटलं."

"मला का नाही सांगायचं?"

सिंकपाशी पाठ करून उभी असलेली मृणाल म्हणाली, "आई, तू सकाळपासून त्याच्या पाटाभोवती रांगोळी काढत होतीस. तो कसा सांगणार होता तुला?"

मी पुढे झाले. अभिजितचा चहा गार झाला होता, तो उचलला, पुन्हा गरम केला आणि त्याच्यासमोर ठेवला. मग तुझ्या फोटोपाशी गेले आणि जे बोलायचं ते तुला बोलले. तू ऐकलं असशीलच.

श्रीकांत, तू काय समजत होतास मला? तुझ्या आईसमोर तुला 'अहो' म्हणणारी आणि खोलीत गेल्यावर 'श्रीकांत' म्हणून झापणारी बाई एवढी गोष्ट पचवू शकली नसती? मी चिडले असते, हे खरं. त्याच्यावर चिडले असते. चार दिवस तोंड पाडून बसले असते. तू ते चार दिवस वाचवलेस आणि त्यासाठी दोन वर्षं माझी बोलणी खाल्लीस. मंडळाने तुला म्हातारचळ लागला म्हटलं, तेही खाल्लंस. खिचडी तर खाल्लीसच. शेवटच्या महिन्यात, हॉस्पिटलमधल्या त्या उंच पलंगावर तू पडलेला असतानाही मी म्हटलं होतं, अभिजित असता तर आपण जिंकलो असतो. तेव्हाही तू हसलास. तेव्हा तरी सांगायचंस. सांगितलं असतंस तर आपण दोघं मिळून हसलो असतो, त्या कंटाळवाण्या खोलीत तेवढीच करमणूक झाली असती. ती माझी राहिली. तू नेलीस ती.

बुधवारी मी गोऱ्यांना फोन लावला. म्हटलं, अदलाबदल होणार नाही.

"अहो वहिनी, जावई परत देतोय तुम्हाला," ते म्हणाले. "अशी ऑफर कोणी सोडतं का?"

"तुम्हाला नको झालाय का तो?"

"छे हो, हिराच आहे. पण केतकी काय मारते हल्ली."

"ती तेव्हाही मारू शकत होती, गोरे. तुमच्याकडे फिजोआचं झाड नव्हतं, एवढंच."

त्यांना काही कळलं नाही. मी समजावलंही नाही. मात्र एक बजावलं, की अभिजितला बॅटिंगला पहिला पाठवू नका, डोक्यावर चढेल.

काल दुपारी केतकी आली होती. तिच्या कानावर गेलं होतं, या गावात काय लपतं? दारातूनच विचारलं, "काकू, मी जायचंय का परत?" तू सांगितलं होतंस ना, त्या दिवशी मिसळ वाढताना असेल, अगदी तसाच चेहरा. मी म्हटलं, तुला जायचंय का? ती म्हणाली, नाही. मग मी म्हटलं, मग दारात काय उभी राहिलीस, मागे जा, मी येते.

झाडाखाली शेवटची थोडी फळं पडली होती, थंडीने मऊ झालेली. मी टोपली घेतली. तुझे जॅंडल्स अजून मागच्या पायरीवर आहेत, तेच पायात सरकवले, मोठे होतात. मी खांद्याखालून चेंडू टाकते, सिस्टरांनी शिकवलं तसं, तुझ्यासारखं क्रिकेटचं काही मिसळत नाही. पहिलं फळ तिने कुंपणावर फोडलं. दुसरं शेजाऱ्यांच्या गॅरेजवर. ती थांबली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही काकांपेक्षा जोरात टाकता." ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

चादर दोरीवरच होती. मी काढली नव्हती. डाग पडलाय.

तर निकाल. मैदानावर तू हरलास, हे मी कधीही मागे घेणार नाही. सेमीफायनल आपल्याच माणसाने घालवली. पण ती अदलाबदल मी मोडत नाही. तू केलेली राहील तशीच, तो तिकडे, ती इकडे.

आणि तुला एक वचन देते. रविवारी अभिजितला घरी पाटावर बसवीन, ओवाळीन, अनारसे देईन, त्यात कसूर होणार नाही. या वेळी शेजारी दुसरा पाट केतकीचा. शास्त्रात बसत नसेल तर शास्त्राने मला येऊन सांगावं. पण उन्हाळा आला, आपली टाकानिनीशी पहिली मॅच लागली आणि त्याने एक जरी कॅच सोडला, तर मी खुर्चीवरून उठून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडणार आहे, "अभ्या, गाढवा, डोळे घरी विसरून आलास का?"

तेव्हा हस. मला ऐकू येईल असं हस या वेळी.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून चिडलेली,
लीना